विडीवरील कर आणि गरिबाचा कळवळा

गरिबाच्या नावाने या देशात जेवढ्या करसवलती दिल्या गेल्या, तेवढ्या खरोखरच गरिबाच्या पदरात पडल्या असत्या, तर दारिद्र्याचा प्रश्न केव्हाच निकालात निघाला असता. विडीवरील करकपात ही या मालिकेतील अगदी ताजी सवलत. ३ सप्टेंबर २०२५ रोजी वस्तू व सेवा कर परिषदेच्या ५६व्या बैठकीत सिगारेट, जर्दा, गुटखा यांच्यावर ४० टक्के दर ठरला. विडीवरचा दर मात्र २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर उतरवण्यात आला आणि विडीच्या पानावरचा १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर. तंबाखूच्या पदार्थांचे हे दर १ फेब्रुवारी २०२६ पासून अमलात आले. त्याच दिवसापासून सिगारेटवर तिच्या लांबीनुसार हजारी २,०५० ते ८,५०० रुपये अबकारी कर बसला.

या कपातीचे समर्थन एका वाक्यात केले जाते: विडी ओढणारा गरीब, विडी वळणारी त्याहून गरीब, तेव्हा विडीवर कर नको. हे वाक्य सत्ताधाऱ्यांच्या तोंडी आहे, विरोधकांच्या तोंडी आहे, कारखानदारांच्या निवेदनात आहे आणि दुर्दैवाने पुरोगामी चळवळीतील अनेक कार्यकर्त्यांच्या भाषणातही आहे. ज्या विधानावर मालक आणि मजूर, उजवे आणि डावे यांचे इतके सहज एकमत होते, ते विधान एकदा नीट तपासून पाहणे हे समाजवादी कार्यकर्त्याचे कर्तव्य ठरते.

तपासणीसाठी अहिल्यानगर जिल्ह्यासारखा दुसरा जिल्हा शोधून सापडणार नाही. कागदोपत्री जिल्ह्याचे नाव बदलले, लोकांच्या तोंडी तो आजही 'नगर जिल्हा'च आहे. या जिल्ह्यात विडी वळली जाते ती नगर शहरात, संगमनेरात आणि अकोल्यात. खेडोपाडी चंचीतून निघणाऱ्या 'गायछाप' जर्द्याची पुडी संगमनेरचीच. आणि तंबाखूचे सर्वांत गरीब गिऱ्हाईक, म्हणजे पाथर्डी-शेवगावचा ऊसतोड मजूर आणि दाताला मिश्री लावणारी त्याची कारभारीण, तेही याच जिल्ह्यातील. पिकवणारा सोडला तर तंबाखूच्या करप्रश्नाची सारी पात्रे येथे एका एस.टी.च्या अंतरात भेटतात.

मिठाचा धडा

अप्रत्यक्ष कराचा बोजा गरिबावर अधिक पडतो, हे अर्थशास्त्राचे प्राथमिक सूत्र आहे आणि समाजवादी चळवळीने ते पुस्तकातून नव्हे तर मिठाच्या सत्याग्रहातून शिकून घेतले आहे. १९३० साली गांधीजींनी अन्य सारे कर बाजूला ठेवून मिठावरचा करच निवडला, कारण मीठ हवेलीत जेवढे लागते तेवढेच झोपडीतही लागते. कर दोघांना सारखा. पण एकाच्या उत्पन्नात तो दिसतही नाही आणि दुसऱ्याच्या उत्पन्नात तो भाकरीचा तुकडा तोडून नेतो. १९६३ साली डॉ. राममनोहर लोहियांनी लोकसभेत 'तीन आणे की पंधरा आणे' हा वाद उभा केला, त्याच्या मुळाशीही हाच आग्रह होता की सरासरीच्या पडद्याआड गरिबाचे खरे उत्पन्न लपवू नये.

तंबाखूला हेच सूत्र लावून पाहावे. हिशेब सोपा व्हावा म्हणून दोन कुटुंबे कल्पावीत. पहिले पाथर्डी तालुक्यातील ऊसतोड जोडप्याचे. दसऱ्यानंतर कोयता घेऊन कारखान्यावर जायचे, उन्हाळ्यात परत येऊन मिळेल ती मजुरी करायची. वर्षाची सरासरी काढून त्यांची कमाई महिना १५,००० रुपये धरावी. नवऱ्याची विडी आणि बायकोची मिश्री मिळून दिवसाला २५ रुपये, म्हणजे महिना ७५० रुपये. उत्पन्नाचे पाच टक्के. दुसरे कुटुंब नगरच्या सावेडी उपनगरातील बंगल्यातले. उत्पन्न महिना दीड लाख. घरातील एकजण दिवसाला १०० रुपयांच्या सिगारेटी ओढतो, म्हणजे महिना ३,००० रुपये. उत्पन्नाचे दोन टक्के. आता तंबाखूच्या सर्वच पदार्थांची किंमत करामुळे एक-दशांशाने वाढली आणि कोणीच आपली सवय बदलली नाही, असे समजा. पहिल्या कुटुंबाच्या उत्पन्नातून अर्धा टक्का गेला, दुसऱ्याच्या उत्पन्नातून एक-पंचमांश टक्का. बोजा अडीच पट विषम. मिठाच्या न्यायाने पाहिले तर तंबाखूवरचा कर हा अन्यायाचा कर ठरतो आणि विडीवरची सवलत ही न्यायाची.

येथवर युक्तिवाद बिनतोड दिसतो. बहुतेक कार्यकर्ते येथेच थांबतात. खरा प्रश्न मात्र येथूनच पुढे सुरू होतो.

मीठ आणि तंबाखू यांतला फरक

'कोणीच आपली सवय बदलली नाही' हे गृहीत मिठाला लागू पडते. मीठ महाग झाले म्हणून कोणी अळणी जेवत नाही. तंबाखूचे तसे नाही आणि विशेषतः गरिबाच्या तंबाखूचे तर मुळीच नाही. केरळमधील अर्थशास्त्रज्ञ रिजो जॉन यांनी राष्ट्रीय नमुना पाहणीच्या आकड्यांवरून काढलेले निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार किंमत दहा टक्क्यांनी वाढली तर विडीचा खप सुमारे नऊ टक्क्यांनी घटतो, पानतंबाखूचाही जवळपास तेवढाच. सिगारेटचा खप मात्र दोन-तीन टक्क्यांनीच. कारण उघड आहे. ज्याच्या खिशात मोजके पैसे असतात त्याला प्रत्येक रुपयाची वाढ जाणवते. बंगल्यातल्या माणसाला ती पाकीट विकत घेताना लक्षातही येत नाही.

आता वरचाच हिशेब पुन्हा मांडावा. किंमत दहा टक्क्यांनी वाढली आणि पाथर्डीच्या कुटुंबाचा खप नऊ टक्क्यांनी घटला, तर त्याचा महिन्याचा खर्च ७५० रुपयांवरून ७५१ रुपयांवर जातो. म्हणजे खर्च आहे तेथेच राहिला आणि शरीरात जाणारे विष तेवढे कमी झाले. सावेडीच्या कुटुंबाचा खप अडीच टक्क्यांनी घटला असे धरले, तर त्याचा खर्च ३,००० वरून सुमारे ३,२१८ रुपये होतो. वाढीव कराचा भरणा श्रीमंताने केला आणि आरोग्याचा लाभ गरिबाला झाला. ज्या कराला आपण विषम म्हणून नाव ठेवले, तोच कर वाढत्या पायरीवर समतेकडे झुकलेला निघाला.

लाभ केवळ खपापुरता नाही. विडी पानाची असते, म्हणून ती सौम्य असते, हा खेड्यापाड्यांतील समज निव्वळ भ्रम आहे. विडी सारखी विझते, म्हणून ती जोराने ओढावी लागते. तिच्यातले निकोटीन आणि डांबर सिगारेटपेक्षा कमी नाही. त्याचे पर्यवसान दम्यात, हृदयविकारात आणि कर्करोगात होते, आणि मग गरिबाच्या घरातले माणूस लोणीला, पुण्याला, अखेर परळच्या टाटा रुग्णालयाच्या दारात जाऊन पोचते. उपचार फुकट झाले तरी प्रवास फुकट नसतो, नातेवाइकाची बुडालेली मजुरी कोणी भरून देत नाही आणि सावकार व्याज सोडत नाही. रिजो जॉन यांच्याच हिशेबाप्रमाणे विडीमुळे होणारे आजार आणि अकाली मृत्यू यांची २०१७ सालची आर्थिक किंमत ८०,५५० कोटी रुपये होती. त्याच्या आदल्या वर्षी विडीवरील अबकारी करातून सरकारला मिळालेली रक्कम या नुकसानीच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास होती. हा फरक कोणी भरला? कारखानदाराने भरला नाही, सरकारने फार थोडा भरला. बाकी सारा विडी ओढणाऱ्याच्या घराने भरला: बैल विकून, शेत गहाण टाकून, मुलीची शाळा सोडवून. कर कमी ठेवून गरिबाचे जे पैसे वाचवल्याचा दावा केला जातो, ते व्याजासकट वसूल होतात. पावती तेवढी मिळत नाही.

गरिबांपैकी कोणत्या गरिबाची दया?

तरीही क्षणभर मान्य करू की सरकारला गरीब गिऱ्हाइकाची दया आली. मग एका साध्या प्रश्नाचे उत्तर हवे. दया विडीपुरतीच का?

२०१६-१७ सालच्या जागतिक प्रौढ तंबाखू पाहणीनुसार महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ अवघे ३.८ टक्के होते आणि तंबाखू चघळणारे, मळून खाणारे, मिश्री लावणारे २४.४ टक्के. महाराष्ट्रातला गरीब विडी ओढतो त्याहून कितीतरी अधिक प्रमाणात तो तंबाखू-चुना मळतो. उसाच्या फडात पहाटे चारला कोयता हाती घेताना भूक मारण्यासाठी तोंडात धरलेली चिमूट ही विडीची नसते, पुडीतल्या तंबाखूची असते. त्या पुडीवर ४० टक्के कर आहे आणि वर अबकारी आहे. विडीवर १८ टक्के आहे. किंमतीच्या एका रुपयात विडीवरचा हा कर १५ पैसे पडतो, पूर्वीच्या २८ टक्क्यांच्या दराने तो २२ पैसे पडत होता. पुडीवर तो, अबकारी सोडूनही, २८ पैशांहून अधिक पडतो. एकाच कोपीत राहणाऱ्या नवरा-बायकोपैकी विडी ओढणाऱ्या नवऱ्यावर सरकारची कृपा आणि तंबाखू खाणाऱ्या बायकोवर अवकृपा, याला गरिबाचा कळवळा म्हणता येत नाही. कर गिऱ्हाइकाची गरिबी पाहून ठरला असता तर पुडी आणि विडी यांना एकच न्याय लागला असता. तो लागला नाही, याचा अर्थ कर ठरवताना नजर गिऱ्हाइकावर नव्हती.

मग ती कोणावर होती? उत्तर ठरलेले आहे: विडी वळणाऱ्या बाईवर. तेव्हा तिच्याकडेच वळले पाहिजे.

विडी वळणारी बाई

तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांच्या हातमागांनी एके काळी नगर शहराच्या पेठा गजबजलेल्या होत्या. गिरणीच्या कापडाने आणि पुढे यंत्रमागाने हातमाग मोडीत निघाले. पुरुष हाताला मिळेल त्या कामाला लागला आणि घरातील स्त्रीने मागाच्या जागी सूप मांडीवर घेतले. कारखान्यातून पाने, तंबाखू आणि सूत मोजून आणायचे. पाने भिजवायची, कातरायची, तंबाखू भरून वळायची, तोंड मुडपायचे, सुताने बांधायची आणि दुसऱ्या दिवशी माल नेऊन द्यायचा. दिवसभर मान वर न करता सात-आठशे, फार तर हजार विड्या होतात, त्याही घरातील मुलीच्या बोटांची मदत असेल तर. माल घेताना मुकादम निवड करतो. बाद विड्यांची मजुरी मिळत नाही, पण त्या विड्या तिला परतही मिळत नाहीत. पान खराब निघाले तर तूट तिची. तंबाखूची धूळ तिच्या श्वासात, तिच्या मांडीवर झोपलेल्या मुलाच्या श्वासात. न ओढलेल्या विडीचा खोकला ती जन्मभर खोकते.

देशात अशा नोंदलेल्या विडी कामगारांची संख्या सुमारे ५० लाख आहे आणि त्यांत बहुसंख्य स्त्रिया आहेत. त्यांच्यासाठी १९६६ साली विडी व सिगार कामगार कायदा झाला, तेव्हा मालकांनी काय केले याचा इतिहास ताजा ठेवला पाहिजे. घरी बसून काम करणारी बाई आमची कामगारच नाही, असे म्हणत ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९७४ साली न्यायालयाने कायदा वैध ठरवला तेव्हा कोठे ती बाई कामगार ठरली. उत्तर केरळात तर हा कायदा लागू होताच बड्या मालकांनी कामच बंद करून हजारो कामगारांना रस्त्यावर काढले. हजेरीपुस्तकावर नाव घालण्याची वेळ आली की ती 'आमची नव्हे', आणि कर बसण्याची वेळ आली की तीच 'आमची गरीब बहीण': मालकांच्या भाषेतील हा चमत्कार गेली साठ वर्षे चालू आहे.

अबकारीच्या काळात वर्षाला २० लाखांपर्यंत विड्या काढणाऱ्या लहान उत्पादकाला करातून सूट होती. हेतू चांगला होता. प्रत्यक्षात अनेक मोठ्या धन्यांनी कागदावर आपल्या कारखान्याचे तुकडे पाडले आणि प्रत्येक तुकडा 'लहान' ठरवून घेतला. सवलत लहानाच्या नावाने आली आणि मोठ्याच्या घरी गेली. मध्ये बसलेल्या कंत्राटदारामुळे बाईचा मालक कोण, हेच सिद्ध होईनासे झाले. भविष्यनिर्वाह निधी, बाळंतपणाची रजा, बोनस हे सारे त्या गोंधळात बुडाले.

आता १८ टक्क्यांची आणि ५ टक्क्यांची नवी सवलत घ्यावी. विडीवरचा कर दहा टक्क्यांनी उतरला, पानावरचा तेरा टक्क्यांनी उतरला. यातला किती पैसा मजुरीत गेला पाहिजे, याविषयी या निर्णयात एकही अट नाही. विडीची मजुरी करावर ठरत नाही. ती राज्य सरकारच्या किमान वेतनाच्या अधिसूचनेवर आणि संघटनेच्या ताकदीवर ठरते. कर २८ टक्के होता म्हणून मजुरी कमी होती, असे कोणी दाखवून दिलेले नाही. १८ टक्के झाला म्हणून हजारी मजुरी वाढली, असेही कोणा बाईने ऐकलेले नाही. बाईला समोर उभे करून सवलत मिळवायची आणि सवलत मिळाली की तिला पुन्हा सुपाकडे पाठवायचे, हे ओलीस ठेवण्याचे राजकारण आहे. निपाणीच्या तंबाखू उत्पादकाच्या बाबतीतही तेच घडले. १९८१ साली त्याने शरद जोशींच्या नेतृत्वाखाली रास्त भावासाठी महामार्ग अडवला आणि एप्रिलमध्ये त्याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. त्या वेळी तंबाखूचा गरीब शेतकरी वाचवा, असे कोणत्याही कारखानदाराचे निवेदन निघाले नव्हते.

उपकर कोणी बुडवला?

एवढ्यावरून सुखवस्तू सुधारकांनी हर्षभरित होण्याचे कारण नाही. विडीवर भरपूर कर लावा, गरीब आपोआप सुधारेल, असे वातानुकूलित सभागृहात सांगणारा एक वर्ग आहे. त्याला पाथर्डीच्या त्या मजुराचे व्यसन दिसते. ते व्यसन ज्या भुकेतून आणि ज्या अठरा तासांच्या राबणुकीतून जन्मले ती दिसत नाही. खप सरासरीने नऊ टक्के घटतो याचा अर्थ प्रत्येकजण नऊ टक्के कमी ओढतो असा नाही. काहीजण सोडतात, पुष्कळ तरुण सुरूच करत नाहीत आणि काहींना सोडता येत नाही. ज्याला सोडता येत नाही, त्याच्या घरातून वाढीव किंमतीचे ७५ रुपये थेट दुधातून आणि वह्यांतून जातात. तंबाखू खाणाऱ्या घरांत दूध आणि शिक्षण यांवरचा खर्च कमी असतो, असे रिजो जॉन यांच्याच दुसऱ्या अभ्यासात दिसून आले आहे. त्या माणसाला व्यसन सोडवण्याची मदत न देता नुसता कर लावणे म्हणजे आजाऱ्याला औषधाऐवजी दंड करणे होय.

आणि विडीचा खप घटला तर वळणाऱ्या बाईचे काय, हा प्रश्न मालकाने स्वार्थासाठी विचारला म्हणून तो खोटा ठरत नाही. त्याचे उत्तर एके काळी या देशाच्या कायद्यात होते. १९७६ साली संसदेने विडी कामगार कल्याण उपकर आणि कल्याण निधी यांचे कायदे केले. शेवटी शेवटी हा उपकर हजार विड्यांना ५ रुपये होता, म्हणजे एका विडीमागे अर्धा पैसा. त्या अर्ध्या पैशातून दवाखाने चालले, मुलांना शिष्यवृत्त्या मिळाल्या, घरबांधणीला साहाय्य मिळाले. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला आणि 'एक देश, एक कर' या घोषणेत हा उपकर रद्द झाला. विडीवरचा कर राहिला. त्यातला बाईचा ठरलेला वाटा तेवढा गेला. कायद्याने बांधलेला पैसा संपला आणि दरवर्षीच्या अर्थसंकल्पी मर्जीचा पैसा उरला. पुढे २१ नोव्हेंबर २०२५ रोजी चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि १९६६ चा स्वतंत्र विडी कायदाही एका मोठ्या संहितेच्या पोटात विरून गेला. आधी निधी गेला, मग कायदा गेला, आणि त्यानंतर अवघ्या अडीच महिन्यांत मालकाची करसवलत अमलात आली. हा क्रम ज्याला दिसतो, त्याला या सवलतीमागचा कळवळा कोणाचा आहे हे निराळे सांगावे लागत नाही.

यावरून समाजवाद्यांची भूमिका स्पष्ट होते. 'कर हवा की नको' हा प्रश्नच चुकीचा मांडला गेला आहे. घेतलेला कर कोणाला परत मिळणार, हा खरा प्रश्न आहे. जो कर गरिबाकडून जातो आणि गरिबाकडे परत येत नाही, तो कितीही कमी असला तरी अन्याय्य आहे. जो कर गरिबाचे आयुष्य वाढवतो आणि कायद्याने बांधलेल्या वाटेने त्याच्याच घरी परत येतो, तो जड असला तरी न्याय्य आहे.

मागण्या

पहिली मागणी अशी की विडी, सिगारेट आणि पुडी यांच्यातला पंक्तिप्रपंच संपवून तंबाखूच्या सर्व पदार्थांवर समान भार टाकावा. तो एका दणक्यात नव्हे, तर आधी जाहीर केलेल्या पाच वर्षांच्या टप्प्यांनी. म्हणजे गिऱ्हाइकाला सवय मोडायला आणि कामगाराला काम बदलायला अवधी मिळेल. विडी महाग झाल्याने लोक स्वस्त पुडीकडे वळतील, ही भीतीही समान भारामुळेच दूर होते.

दुसरी मागणी, २०१७ साली बुडवलेला कल्याण निधी कायद्याने पुन्हा उभारावा आणि विडीच्या वाढीव कराचा ठरावीक हिस्सा त्यात आपोआप जमा व्हावा. त्यातून निवृत्तिवेतन, घर आणि आरोग्य यांची हमी हवी. सोलापूरजवळ कुंभारी येथे विडी कामगार स्त्रियांनी संघर्षातून १०,००० घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी करून घेतली. संघटित बाई सरकारी पैशाचे काय करू शकते, याचा तो विटा-सिमेंटचा पुरावा आहे.

तिसरी, तंबाखूच्या महसुलातून प्रत्येक तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात व्यसनमुक्तीचा उपचार आणि तोंडाच्या कर्करोगाची तपासणी मोफत मिळावी. हंगामात ती ऊसतोड मजुरांच्या तळांवर जावी, कारण त्या सहा महिन्यांत ते मजूर कोणत्याच रुग्णालयाच्या दप्तरात नसतात.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची मागणी पर्यायी कामाची. ते अशक्य आहे म्हणणाऱ्यांनी केरळकडे पाहावे. मालकांनी काम बंद केले तेव्हा १९६९ साली कण्णूरच्या कामगारांनी 'दिनेश विडी' ही स्वतःची सहकारी संस्था काढली. आणि विडीचा खप घटू लागला तेव्हा तीच संस्था खाद्यपदार्थ, छत्र्या आणि कपडे यांच्या उत्पादनाकडे वळली. नगर जिल्ह्याला सहकार शिकवण्याची गरज नाही. १९५० साली धनंजयराव गाडगीळांसारख्या अर्थशास्त्रज्ञाच्या अध्यक्षतेखाली प्रवरेचा साखर कारखाना येथेच सुरू झाला. उसाच्या मालकासाठी जो सहकार उभा राहिला, तो विडी वळणाऱ्या बाईच्या आणि ऊस तोडणाऱ्या मजुराच्या दारापर्यंत का पोचला नाही, हा प्रश्न जिल्ह्यातील सहकारसम्राटांना प्रत्येक सभेत विचारला पाहिजे.

अखेरीस चार शब्द चळवळीतील सहकाऱ्यांसाठी. विडी कामगारांच्या संघटना बांधण्यात या जिल्ह्यातील एका पिढीने उमेदीची वर्षे घातली, तुरुंग भोगले. तथापि करवाढीची वेळ आली की संघटनेचे निवेदन आणि कारखानदाराचे निवेदन यांतील भाषा अनेकदा एकच होते, ही लाजेची गोष्ट आहे. कामगाराचे हित आणि धंद्याचे हित एकच, असे ज्या दिवशी संघटना मानते त्या दिवशी ती मालकाची शाखा बनते. मोर्चा कराविरुद्ध काढू नये. करातील वाट्यासाठी काढावा.

वस्तू व सेवा कर परिषदेत मतांचा दोन-तृतीयांश भार राज्यांचा आहे आणि तेथे महाराष्ट्राला आवाज आहे. परिषदेच्या पुढील बैठकीपूर्वी जिल्ह्यातील प्रत्येक आमदार-खासदाराला विडी कामगार स्त्रियांच्या शिष्टमंडळाने गाठून एकच हिशेब मागावा: कमी केलेल्या दहा टक्क्यांतून हजारी मजुरीत किती पैसे वाढले? अच्युतराव आणि रावसाहेब पटवर्धनांचा हा जिल्हा. १९९० साली देशाचा अर्थसंकल्प मांडणारे समाजवादी अर्थमंत्री मधू दंडवते याच नगरात जन्मले. येथील कार्यकर्त्याला करांचा हिशेब परका वाटण्याचे कारण नाही. नगरच्या पेठांतून आणि संगमनेर-अकोल्याच्या गल्ल्यांतून तो हिशेब आता बायांच्या तोंडून विचारला गेला पाहिजे. उत्तर देता न आल्यास ती सवलत परत घ्यावी आणि तो पैसा तिच्या निधीत भरावा.